ऐकण्याचा पेपर

दुसऱ्यांदा नापास झाल्याचा निकाल आला तेव्हा मौनी स्टुलावर उभा राहून जिन्यातल्या दिव्याचा होल्डर बदलत होता. बायकोने दारातूनच मोबाइल वर धरला. वाचन एक्क्याऐंशी, लेखन चौऱ्याहत्तर, संभाषण अठ्ठ्याहत्तर, श्रवण अठ्ठावीस. प्रत्येक पेपरात साठ लागत होते.

तो खाली उतरला, आकडे नीट वाचले आणि म्हणाला, "मागच्या वेळी एकतीस होते."

"म्हणजे तीन कमी झाले."

"हो ना," तो म्हणाला आणि पुन्हा स्टुलावर चढला.

मौनी हे त्याचं खरं नाव नव्हे. लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत तो लागला, त्याला चौदा वर्षं झाली होती. पहिल्याच महिन्यात कुणीतरी ते नाव चिकटवलं आणि चिकटलं ते घरापर्यंत आलं. माणूस घुमा नव्हता. समोर बसून विचारलं की बोलायचा, हसायचाही. पण चारचौघांत गप्पा रंगल्या की हा कडेला बसून एकेकाच्या तोंडाकडे बघत राही. लोकांना वाटे, काय शांत स्वभाव आहे! लग्न ठरलं तेव्हा बायकोलाही तसंच वाटलं होतं आणि आवडलंही होतं. नंतरच्या बारा वर्षांत त्या आवडीची बरीच झीज झाली. एक गोष्ट दोनदा सांगावी लागते, या कानाने घेतो आणि त्या कानाने सोडून देतो, अशी तक्रार ती सासूबाईंकडे फोनवर करायची. सासूबाई म्हणायच्या, "अगं, त्याचे वडील तिसऱ्या हाकेशिवाय ओ देत नसत. पुरुषांची जातच ती." मग दोघी हसायच्या.

ती स्वतः कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून हिरड्यांचे साचे लॅबमध्ये येत, त्यांवर मेण चढवायचं, त्यात एकेक दात बसवायचा, चेहऱ्याला आणि वयाला शोभेल अशी त्याची छटा निवडायची, हे तिचं काम. हल्ली यंत्रावर दात कापून घेणाऱ्या लॅब निघाल्या होत्या. पण हाताने दात बसवणारी माणसं कमी झाल्यामुळेच परदेशातल्या एका लॅबने तिला बोलावलं होतं. तीन वर्षांचा करार होता. नवऱ्याला बरोबर नेता येणार होतं, फक्त त्याने तिथल्या भाषेची परीक्षा पास व्हायला हवी होती. ती स्वतः पहिल्याच फटक्यात पास झाली.

तिने विचारलं तेव्हा मौनीने आढेवेढे घेतले नव्हते. "लिफ्ट काय, कुठेही वर-खालीच जाते," तो म्हणाला होता, आणि दुसऱ्याच दिवसापासून शिकवणीला जाऊ लागला होता.

तरी आता तिच्या मनात पाल चुकचुकली. वाचता येतं, लिहिता येतं, बोलता येतं, मग ऐकतानाच कुठे घोडं पेंड खातं? तिने त्याला घरी टेप लावून बसलेलं पाहिलं होतं. हातात कागद असला की तो पटापट उत्तरं देई. कागद काढून घेतला की खिडकीबाहेर बघे. तिला वाटू लागलं, याला यायचंच नाहीये. तोंडाने नाही म्हणवत नाही, म्हणून परीक्षेत नापास होतोय. त्याच आठवड्यात तिने तिकडच्या लॅबला एक मेल पाठवला. नवऱ्याची परीक्षा लांबली तर मी आधी एकटी आले तर चालेल का, एवढंच विचारलं. त्याला काही सांगितलं नाही. दोन दिवसांत उत्तर आलं. चालेल, एका माणसाची खोली तयार आहे. तिने ते वाचलं आणि तसंच ठेवून दिलं.

तिसऱ्या प्रयत्नाचा अर्ज भरण्याआधी ती शिकवणीच्या बाईंना भेटायला गेली. बाई एका शाळेतून निवृत्त झालेल्या. घराच्या पुढच्या खोलीत सहा खुर्च्या आणि एक फळा, एवढाच त्यांचा वर्ग.

"तुमचे मिस्टर?" बाई म्हणाल्या. "माझा सगळ्यात हुशार विद्यार्थी. मला तर कळतच नाही ते टेपलाच का अडखळतात. माझ्याशी अर्धा अर्धा तास बोलतात."

"मुद्दाम करत असतील का?"

"मुद्दाम नापास व्हायला एवढी मेहनत कोण घेईल?" बाईंनी खुर्ची जरा पुढे ओढली. मग म्हणाल्या, "राग मानू नका, पण एक सांगते. सुरुवातीला मला त्यांचं थोडं विचित्र वाटलं होतं. सारखे माझ्या तोंडाकडे बघायचे. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. मी म्हटलं, हा काय प्रकार आहे? एकदा तर मी मुद्दाम फळ्याकडे तोंड करून शिकवायला लागले. त्या दिवशी त्यांना एक शब्द आला नाही."

बाई हसल्या. तीही हसली. पण घरी चालत येताना तिची पावलं हळू होत गेली.

दोन दिवसांनी दुपारी मौनी तिच्या लॅबवर आला. सकाळी तो चुकून दोन्ही किल्ल्या घेऊन गेला होता. ती पॉलिशच्या मोटरपाशी बसली होती आणि धूळ उडते म्हणून नाकातोंडावर मास्क होता. आजवर तो जेव्हा जेव्हा लॅबवर आला तेव्हा ती मास्कमध्येच असायची आणि दोघांचं काही ना काही बिनसायचं. ती एक सांगे, तो भलतंच करे. लॅबमधल्या बाकीच्यांना त्याची गंमत वाटायची.

तिने मोटर बंद केली. खोलीत आता आवाज नव्हता.

"किल्ली टेबलावर ठेव," ती मास्कमधूनच म्हणाली.

त्याने तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. "हो, बरा आहे," तो म्हणाला. किल्ली हातातच होती.

तिने मास्क काढला नाही. मग नेहमीच्याच सुरात म्हणाली, "संध्याकाळी येताना मी दोन हत्ती घेऊन येणार आहे."

"चालेल," तो म्हणाला. "पण फार उशीर करू नकोस."

पलीकडच्या टेबलावरची मुलगी फिसकन हसली. बायकोने आपल्या मास्कची एक दोरी कानावरून काढली. मास्क गालाशी लोंबकळला. "मी दोन हत्ती आणणार आहे," ती पुन्हा म्हणाली.

"काय?" तो हसू लागला. "कशाला?"

ती हसत नाही हे त्याला दिसलं. मग त्याने तिच्या गालाशी लोंबणाऱ्या मास्ककडे पाहिलं आणि त्याचंही हसू थांबलं. किल्ली टेबलावर ठेवून तो निघून गेला.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तो स्वयंपाकघरात कांदा चिरत होता. ती त्याच्या समोर, ओट्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"किती दिवस झाले?"

"दिवस नाही," तो म्हणाला. "वर्षं झाली."

"किती?"

"मोजली नाहीत. हळूहळू झालं. आधी फोन गेला. मग लोक पाठमोरे असले की कळेना. तोंड दिसलं की कळतं. आपली भाषा तर नुसती बघूनही कळते. तिकडची बाईंमुळे कळायला लागली. टेपला तोंड नसतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू डॉक्टरकडे नेलं असतंस. डॉक्टरने कंपनीला कळवलं असतं. ज्याला ऐकू येत नाही त्याला लिफ्टच्या बोगद्यात कोण उतरू देईल?"

कांदा चिरून झाला होता, तरी तो सुरी फिरवत राहिला. तिने ती त्याच्या हातातून घेतली. बारा वर्षं सासूबाईंशी फोनवर जे जे बोलली होती ते तिला आठवलं. पण ते आत्ता बोलून दाखवण्यात काही अर्थ नव्हता. "उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचं," एवढंच ती म्हणाली.

डॉक्टरने त्याला काचेच्या पेटीत बसवून तासभर तपासलं आणि एका कागदावर घसरगुंडीसारखी उतरत गेलेली रेघ दाखवली. जाड, खर्जातले आवाज त्याला बरे ऐकू येत होते. बारीक आवाज जवळजवळ गेले होते.

"मागे कुणी कर्कश ओरडलं तर कळणार नाही, पण जवळून कुणी जाड आवाजात बोललं तर कळेल," डॉक्टर म्हणाला. "यंत्र लावलं की पुष्कळ फरक पडेल." मग तिच्याकडे वळून म्हणाला, "तुमच्यासारखा बारीक आवाज सगळ्यात आधी जातो."

परीक्षेच्या अर्जावर शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की, ऐकू कमी येणाऱ्या उमेदवाराला टेपऐवजी समोर बसलेला परीक्षक मजकूर वाचून दाखवेल, मात्र त्यासाठी तज्ज्ञाचा दाखला जोडावा. दाखला देणारा डॉक्टर कंपनीच्या यादीवरचा होता, आणि अशा तपासणीची एक प्रत आपोआप कंपनीकडे जायची. मौनीने ते पान दोनदा वाचलं.

"प्रत जायला किती दिवस लागतात?" त्याने विचारलं.

"डॉक्टर म्हणाला, दहा-बारा."

"त्याच्या आत मला भोंग्याला भेटायला हवं."

भोंगा म्हणजे त्याचा कामावरचा जोडीदार. नाव आवाजावरून पडलेलं. तळमजल्यावर शिंकला तर गच्चीवर कळावं असा त्याचा आवाज होता. नऊ वर्षं दोघं एकाच जोडीत होते आणि कंपनीत सगळ्यांना त्यांची गंमत वाटायची, एक अखंड वाजतो आणि दुसरा अखंड गप्प. ही जोडी इतकी का जमली याचं कारण आता तिच्या लक्षात आलं. भोंग्याचा आवाज मौनीला ऐकू यायचा.

"त्याला भेटायची एवढी घाई का?" तिने विचारलं.

मग त्याने तिला ते सांगितलं. तीन वर्षांपूर्वी भोंग्याच्या डाव्या हाताच्या अनामिकेची दोन पेरं गेली, हे तिला माहीत होतं. दवाखान्यात डबा तिनेच नेला होता. कसं झालं तेही तिने ऐकलं होतं. मौनी गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत हाताने ब्रेक सोडून केबिन इंचाइंचाने खाली घेत होता. भोंगा केबिनच्या छतावर उभा राहून रुळांच्या पट्ट्या तपासत होता. त्याचा हातमोजा पट्टीत अडकला. तो 'थांब' म्हणून ओरडला, पण ओरडायला उशीर झाला. चौकशीत भोंग्यानेच तसं सांगितलं होतं. कुणाला दोष लागला नाही.

"त्याला उशीर झाला नव्हता," मौनी म्हणाला. "मी ब्रेक सोडत असताना मध्येच दोरांच्या भोकातून खाली वाकून पाहिलं. त्याचं तोंड उघडं होतं. किती वेळ उघडं होतं मला माहीत नाही. शेजारी पंखा चालू होता, मला काही ऐकू आलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की माझे कान गेलेत."

"आणि तू नंतरही कामावर जात राहिलास."

"जागा बदलून घेतली. त्या दिवसापासून केबिनवर मी उतरतो आणि वर तो. माझा आवाज त्याला जातो. आता हात गेलाच तर माझा जाईल."

त्याने आपल्या परीने उपाय शोधला होता, आणि तो उपाय तीन वर्षं गुपचूप चालवला होता. ती आपल्या त्या मेलचा विचार करत होती.

रविवारी सकाळी दोघं भोंग्याच्या घरी गेले. भोंग्याने दारातच मौनीला मिठी मारली. "या, परदेशी पाहुणे! वहिनी, परीक्षेचं काय? याला पास करा हो एकदाचं, नाहीतर तुमच्या मागे मी याला नांदवू कसा?" त्याची बायको आत चहा ठेवायला गेली. विमानतळावर सोडायला मेव्हण्याची गाडी सांगून ठेवलीय, गाडीत सामान कसं बसेल, पाठीमागची सीट काढावी लागेल, असं सगळं तो सांगत सुटला. मौनी त्याच्या तोंडाकडे बघत होता.

"तू उशिरा ओरडला नव्हतास," मौनी मध्येच म्हणाला.

"कधी?"

मौनीने त्याच्या हाताकडे बोट केलं. मग जे तिला सांगितलं होतं ते सगळं त्याच क्रमाने सांगितलं. पंखा, उघडं तोंड, कानाचा डॉक्टर, कंपनीकडे जाणारा कागद. काही गाळलं नाही आणि स्वतःच्या बाजूने काही घातलंही नाही. त्याला एवढं सलग बोलताना तिने क्वचितच ऐकलं होतं.

भोंगा खुर्चीत मागे टेकला. बराच वेळ तो आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिला. मग मान खाली घालूनच काहीतरी बोलला, अगदी हळू. त्याच्या तोंडून असा आवाज निघू शकतो हे तिला माहीत नव्हतं.

मौनी पुढे वाकला. "काय म्हणालास?"

भोंग्याने मान वर केली नाही. मौनीने बायकोकडे पाहिलं. आता ते तिलाच सांगावं लागणार होतं.

"ते म्हणाले," ती मौनीकडे तोंड करून म्हणाली, "तीन वर्षं मी स्वतःला शिव्या घालतोय."

भोंगा उठला. "वहिनींना कशाला बोलायला लावतोस?" तो म्हणाला, आता नेहमीच्या आवाजात. "तुझ्या भरवशावर मी त्या बोगद्यात उभा राहायचो. वर तू आहेस म्हणून खाली बघायचोसुद्धा नाही." एवढं बोलून तो आतल्या खोलीत गेला. चहा घेऊन त्याची बायको बाहेर आली तेव्हा खोलीत दोघंच बसलेले. काय झालं ते तिला कुणी सांगितलं नाही. चहा तसाच टाकून उठणं बरं दिसेना, म्हणून दोघांनी तो प्यायला आणि निघाले.

कंपनीत कागद पोचला. मौनीला बोगद्यातून काढून सुट्या भागांच्या गोदामात बसवलं. जुन्या अपघाताची फाइल पुन्हा उघडली आणि भोंग्याला जबाब द्यायला बोलावलं. मौनीला गोदामातच कुणीतरी सांगितलं की भोंग्याने नवीन काही लिहून द्यायला नकार दिला. "लिहून दिल्याने बोट उगवणार आहे का?" असं तो साहेबांना म्हणाला म्हणे. पण तो गोदामाकडे फिरकला नाही. लागणारे भाग दुसऱ्याला पाठवून मागवायचा. मौनी ते नीट खोक्यात बांधून, वर यादी चिकटवून द्यायचा.

कानाची यंत्रं आली त्या दिवशी मौनी घरभर फिरत होता. फ्रिज एवढा कुरकुरतो? नळ पूर्ण बंद झाला तरी आत काहीतरी चालूच असतं? वर्तमानपत्राचं पान उलटून त्याने कानाशी धरलं. ती भांडी आवरत होती. त्याने ओला टॉवेल खुर्चीवर टाकलेला तिला दिसला.

"गाढव कुठला," तो बाहेरच्या खोलीतून म्हणाला.

"काय?"

"तू म्हणालीस. आत्ता. टॉवेल बघून."

तिच्या हातातली वाटी तशीच राहिली. काम करताना ती कायम पुटपुटायची, हे तिला माहीत होतं. त्याला ऐकू जात नाही हे मात्र तिला माहीत नव्हतं, निदान तिला तसं वाटत होतं. पण बारा वर्षं तो हाकेच्या अंतरावर असताना ती जे मनात येईल ते बोलत आली होती आणि त्यावरून कधी भांडण झालं नव्हतं. त्या सोयीची तिला सवय झाली होती.

तो दारात येऊन उभा राहिला. "रोज म्हणतेस?"

"रोज नाही."

"आणखी काय काय म्हणतेस?"

"काही नाही," म्हणायला तिने तोंड उघडलं होतं. पण तसं म्हटलं नाही. वाटी ठेवली, हात पुसले, त्याला खुर्चीवर बसवलं आणि समोर बसली. मेल कधी पाठवला, त्यात काय लिहिलं, का लिहिलं, तो मुद्दाम नापास होतोय असं आपल्याला कसं वाटलं, सगळं तिने सांगितलं. बोलताना तिने तोंड त्याच्याकडेच ठेवलं होतं, यंत्रं असूनही.

त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, "उत्तर काय आलं?"

"एकटी आलीस तरी चालेल म्हणाले. एका माणसाची खोली आहे."

"मग तू काय कळवलंस?"

"काहीच नाही."

"काहीतरी कळवायचं की. वाट बघत असतील बिचारे."

तो थट्टा करतोय की रागावलाय, हे तिला चेहऱ्यावरून कळेना. टॉवेल उचलून तो वाळत घालायला गेला. पुढचे दोन दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलला. तिसऱ्या दिवशी जेवताना त्याने मान वर न करता विचारलं, "मी पुन्हा नापास झालो तर जाशील ना?"

तिने घास गिळला. "जाईन," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला. जेवण झाल्यावर त्याने टेप लावली आणि पहिल्यांदाच कागद पालथा घालून ऐकत बसला. ती ताटं उचलत असताना त्याने तिला एक शब्द विचारला. तो त्याने बरोबर ऐकला होता, फक्त त्याचा अर्थ त्याला येत नव्हता.

परीक्षेला ती बरोबर गेली, पण आत सोडत नव्हते म्हणून बाहेरच्या बाकावर बसली. त्याला वेगळ्या खोलीत नेलं. परीक्षक चष्मेवाली तरुण मुलगी होती, मिशा नव्हत्या हे नशीब, असं तो बाहेर आल्यावर म्हणाला. मिशा असलेल्यांचे ओठ वाचताना त्याची फार पंचाईत होई. निकाल तीन आठवड्यांनी आला. श्रवण चौसष्ट. बाईंना फोन केला तेव्हा त्या ओरडल्याच. मौनीने फोन कानापासून जरा लांब धरला आणि म्हणाला, "ऐकू येतंय बाई."

मग सगळंच घाईने आलं. व्हिसाच्या कागदांवर शिक्के बसले, घरमालकाला कळवलं, सासूबाई लेकीच्या घरून येऊन चार दिवस राहून गेल्या आणि जाताना मुलाच्या कानाला हात लावून बघितला. "तुझ्या बाबांना हे मिळालं असतं तर निदान माझं अर्धं आयुष्य ओरडण्यात गेलं नसतं," त्या म्हणाल्या. घरातलं सामान एकेक करून जाऊ लागलं. कपाट शेजारच्यांनी नेलं, पलंग लॅबमधल्या मुलीने. कपडे धुण्याचं मशीन भोंग्याच्या बायकोला द्यायचं फार आधी ठरलं होतं. ते न्यायला कुणी येईल की नाही, याबद्दल दोघांपैकी कुणी बोललं नाही. निघायच्या आदल्या दिवशी तिने मशीनला गिऱ्हाईक बघायला घेतलं.

त्याच सकाळी अकराच्या सुमारास भोंगा आला. खाली एक छोटा टेम्पो उभा होता. "मशीन न्यायला सांगितलंय बायकोने," तो दारातूनच तिला म्हणाला. मौनीकडे त्याने पाहिलं नाही.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. यावरून कंपनीतले लोक मौनीची नेहमी टर उडवत. मशीन दोघांनीच उचलायचं होतं. भोंगा खालच्या बाजूला, उलट्या पावलांनी उतरणारा. मौनी वरून. ती हातात मशीनचा पाइप घेऊन मागून उतरू लागली.

"उचल!" भोंगा ओरडला. "डावीकडे घे! पायरी! आणखी एक पायरी! थांब! आता वळव!" त्याच्या आवाजाने दोन्ही मजल्यांवरची दारं उघडली. शेजारच्या बाईंनी डोकं बाहेर काढून पाहिलं आणि आत घेतलं.

"एवढं ओरडू नकोस," मौनी धापा टाकत म्हणाला. "कानात यंत्रं आहेत."

"चालू आहेत का बंद, मला काय माहीत? पायरी!"

"चालू आहेत."

"पायरी! माझ्या हाताकडे बघ, कानातल्या यंत्रांवर नको विसंबूस!"

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मशीन भिंतीला घासलं. दोघांनी ते खाली ठेवलं आणि दम घेतला. भोंग्याने घाम पुसला. त्याने पहिल्यांदा मौनीच्या कानाकडे पाहिलं, जरा वाकून, एखादा पार्ट तपासावा तसं. "बॅटरी किती दिवस जाते?" त्याने विचारलं.

"आठवडा."

"तिकडे मिळते?"

"मिळत असेल. बरोबर चार पाकिटं घेतलीत."

"सहा घे," भोंगा म्हणाला आणि वाकून मशीनची कड धरली. "उचल!"

खाली टेम्पोत मशीन चढवून त्याने दोरी बांधली. उरलेल्या साडेचार बोटांनी तो गाठ मारताना मौनी शेजारी उभा होता. त्याने मदतीला हात पुढे केला नाही, कारण भोंग्याला ते आवडलं नसतं. गाठ पक्की आहे का ते भोंग्याने ओढून पाहिलं. तिच्या हातातून पाइप घेतला.

"वहिनी, गाडीचं मी मेव्हण्याला नको म्हणून सांगितलं होतं," तो म्हणाला. "आता ती दुसरीकडे लागलीय."

"असू दे भाऊजी. आम्ही टॅक्सी सांगितलीय."

"पोचलात की फोन करा."

"मी करेन," मौनी म्हणाला.

भोंगा ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसला. दार ओढून घेतलं, काच खाली केली आणि कोपर बाहेर काढलं. "तू काय फोन करणार? तुला फोनवर कुठे ऐकू येतं?"

"आता येतं."

"बघू," भोंगा म्हणाला. टेम्पो निघाला.

दोघं वर आले. मशीन होतं त्या जागी न्हाणीघराच्या फरशीवर धुळीचा आणि साबणाचा चौकोनी थर साचला होता. घरमालक घर बघायला पाचला येणार होता. तिने बादली भरली. मौनीने पँट गुडघ्यांपर्यंत दुमडली, कानातली यंत्रं काढून आरशाखालच्या कोरड्या फळीवर ठेवली आणि ब्रश घेऊन कोपऱ्यापासून घासायला सुरुवात केली. ती पाणी ओतत राहिली आणि कुठे राहिलंय ते बोटाने दाखवत राहिली.